होमस्टेच्या बुकिंग सॉफ्टवेअरमध्ये ८७ त्रुटी निघाल्या, आता आधी काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तारकर्ली-देवबाग भागातल्या काही होमस्टेंचं बुकिंग चालवणारं, लारावेल ८ मध्ये (पीएचपी भाषेतल्या तयार सांगाड्यात) लिहिलेलं सॉफ्टवेअर आधीच्या डेव्हलपरकडून तुमच्या गळ्यात आलं. स्कॅन चालवल्यावर ८७ सुरक्षा त्रुटी दिसल्या, त्यातल्या ९ क्रिटिकल. तुम्ही एनपीएमची (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं आणणारं साधन) 'ऑडिट फिक्स' ही आज्ञा 'फोर्स' लावून चालवली, बिल्ड (कोडपासून साइटच्या तयार फाइली बनवणं) मोडला आणि सगळं मागे घ्यावं लागलं. मालक म्हणतात, "चलता हा मां, मगे हात कित्याक लावतंस?" आणि एप्रिल-मेचा सीझन तोंडावर आहे. ह्या यादीतलं आधी काय अपग्रेड करायचं आणि काय सोडून दिलं तर चालेल, असं तुम्ही विचारलंय.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या हॉटेलवाल्यांची, आंबा बागायतदारांची, पतसंस्थांची अशी सॉफ्टवेअरं मी बरीच वर्षं सांभाळतोय, त्यावरून सांगतो. ८७ ह्या आकड्याने घाबरू नका. त्याहून गंभीर गोष्ट ही आहे, की इतकी वर्षं कुणी हात न लावल्यामुळे हे सॉफ्टवेअर अपग्रेड होण्याच्या अवस्थेतच उरलेलं नाही. एक लायब्ररी किंवा पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड) हलवायला गेलं की दुसरी अडवते, दुसरी हलवायची तर पीएचपी बदलावं लागतं, आणि पीएचपी बदललं तर काय काय मोडेल ते कुणालाच माहीत नाही. म्हणजे तुमच्यापुढे दोन कामं आहेत. बाहेरच्या माणसाला आज जिथून आत शिरता येईल ती भोकं बुजवायची, हे एक. आणि पुढची दुरुस्ती आली की एका दिवसात बसवता येईल अशी अवस्था परत आणायची, हे दुसरं. पहिलं सीझनच्या आधी करा. दुसरं सीझननंतर केलं तरी चालेल, पण ते टाळू नका.

ह्या दुसऱ्या कामावर माझा इतका भर का, तर लॉगफोरजेचं उदाहरण बघा. डिसेंबर २०२१ मध्ये त्या जावा लायब्ररीतली सीव्हीई-२०२१-४४२२८ (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटीला मिळणारा क्रमांक) ही त्रुटी जाहीर झाली, गंभीरता १० पैकी १०. दुरुस्ती म्हणून २.१५.० आली, ती अपुरी निघाली म्हणून २.१६.०, मग २.१७.० आणि महिना संपायच्या आत २.१७.१. ज्यांचा बिल्ड आणि डिप्लॉय (नवा कोड सर्व्हरवर चढवणं) सुरळीत होता त्यांनी चार वेळा आवृत्ती बदलली आणि कामाला लागले. ज्यांना ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे तेच शोधावं लागलं, त्यांचे आठवडे गेले. इक्विफॅक्स ह्या अमेरिकी पतमाहिती कंपनीच्या प्रकरणात अपाचे स्ट्रट्स ह्या जावा लायब्ररीची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच उपलब्ध होती. ती बसवली गेली नाही, मे महिन्यात त्याच भोकातून हल्लेखोर आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. दुरुस्ती जगात असणं आणि ती आपल्या सर्व्हरवर असणं ह्यांत जे अंतर पडतं, ते कमी करणं हेच आपलं काम.

आता यादी कशी वाचायची ते सांगतो. ८७ म्हणजे ८७ वेगळ्या त्रुटी नव्हेत. एनपीएम ऑडिट एका खराब पॅकेजवर अवलंबून असलेली वरची पॅकेजंही मोजतो, त्यामुळे खाली एक सडकं पान असेल तर त्याच्या वरच्या फांद्याही लाल दिसतात. लारावेल ८ च्या काळातल्या प्रोजेक्टमध्ये बिल्ड बहुधा लारावेल मिक्सवर असतो, म्हणजे आतून वेबपॅक, फाइली एकत्र बांधणारं साधन. ह्या लाल ओळींतल्या बऱ्याचशा त्याच्याच पोटातल्या असणार. तिथली एखादी रेग्युलर एक्स्प्रेशनची त्रुटी 'हाय' म्हणून दिसते, पण ते पॅकेज तुमच्या लॅपटॉपवर तुमच्याच फाइली वाचतं. देवबागेत खोली शोधणाऱ्या पाहुण्याचा त्याच्याशी संबंध येत नाही.

म्हणून पुष्कळजण डेव्ह डिपेंडन्सी (फक्त डेव्हलपरला लागणारी पॅकेजं) वगळून ऑडिट चालवायचा सल्ला देतात. एरवी तो चांगला आहे, तुमच्या बाबतीत नाही. लारावेलच्या त्या काळातल्या पॅकेज जेसनमध्ये (पॅकेजांची यादी ठेवणाऱ्या फाइलीत) अॅक्सिओस आणि लोडॅशसुद्धा डेव्ह डिपेंडन्सीच्या यादीत लिहिलेली असतात, आणि ती तर बंडलमधून थेट पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये जातात. डेव्ह वगळलं की यादी एकदम स्वच्छ दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. त्यापेक्षा प्रत्येक ओळीला हाताने विचारा: हा कोड सर्व्हरवर चालतो, ब्राउझरमध्ये चालतो, की फक्त बिल्डच्या वेळी? एनपीएम एक्स्प्लेन आणि कंपोजर व्हाय (कंपोजर म्हणजे पीएचपीसाठी एनपीएमसारखं साधन) ह्या दोन आज्ञा कुठलं पॅकेज कुणामुळे आलं ते सांगतात. एका दुपारचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पुढचं सगळं अंधारात होतं.

"डेव्हमधलं आहे, सोडा" ह्या नियमाला पीएचपीत आणखी एक धोकादायक अपवाद आहे. पीएचपीयुनिट हे फक्त टेस्टसाठीचं पॅकेज. पण त्याच्या जुन्या आवृत्त्यांत एक फाइल अशी होती, की ती वेबवरून उघडता आली तर बाहेरचा कुणीही तुमच्या सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकतो. सीव्हीई-२०१७-९८४१. एवढी वर्षं झाली, तरी सर्व्हरचे लॉग उघडलेत तर त्या फाइलचा पत्ता शोधणाऱ्या विनंत्या आजही दिसतील. तुमच्याकडची आवृत्ती ह्याहून नवी असेलही, पण धडा आवृत्तीपुरता नाही. आपल्याकडच्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर अख्खा लारावेल फोल्डर पब्लिक एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबवरून दिसणाऱ्या फोल्डरमध्ये, ओतलेला मी अनेकदा बघितलाय. तसं असेल तर व्हेंडर फोल्डर, म्हणजे कंपोजरने आणलेली सगळी पॅकेजं, बाहेरच्यांना उघडा आणि पासवर्ड ठेवलेली ईएनव्ही फाइलही उघडी. डोमेन फक्त पब्लिक फोल्डरकडे वळवलेलं आहे ना, आणि सर्व्हरवर कंपोजर इन्स्टॉल 'नो-डेव्ह' लावूनच होतंय ना, हे आजच बघा. ह्याला एकही लायब्ररी अपग्रेड करावी लागत नाही.

९ क्रिटिकलमध्ये काय काय आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे ठाम क्रम मी देणार नाही. पण बुकिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सगळ्यात आधी काय उघडून बघतो ते सांगतो: पीडीएफ पावती. ती बहुधा डॉमपीडीएफ ह्या पीएचपी लायब्ररीवर बनते. त्याच्या १.२.१ च्या आधीच्या आवृत्त्यांत सीव्हीई-२०२२-२८३६८ ही त्रुटी आहे. बाहेरून आणलेल्या फाँटच्या मिषाने पीएचपी फाइल सर्व्हरवर बसवता येते. पण त्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. बाहेरच्या फाइली आणायची सेटिंग चालू हवी (फार जुन्या आवृत्त्यांत तीही लागत नाही), पाहुण्याने भरलेला मजकूर साफ न करता पावतीच्या एचटीएमएलमध्ये जात हवा, आणि फाँटचा फोल्डर वेबवरून उघडता यायला हवा. पावतीत पाहुण्याचं नाव, पत्ता, 'विशेष सूचना' हे छापलं जातं का? ब्लेड टेम्प्लेटमध्ये (लारावेलच्या पानाच्या साच्यात) ते दुहेरी महिरपी कंसात आहे, जिथे ते साफ होतं, की उद्गारचिन्हाच्या कंसात, जिथे ते जसंच्या तसं जातं? दुसऱ्या प्रकारात असेल तर ही त्रुटी तुमच्यासाठी खरीखुरी आहे आणि तिला सीझनपर्यंतसुद्धा थांबवू नका. लारावेलचंच दुसरं उदाहरण इग्निशन ह्या चुका दाखवणाऱ्या पॅकेजचं, सीव्हीई-२०२१-३१२९. डीबग मोड चालू असला तर दार उघडं, बंद असला तर बंद. आवृत्ती तर वर न्याच, पण डीबग बंद करायला अर्धा मिनिटही लागत नाही, ते आधी करा.

मी आकड्यापेक्षा त्रुटीकडे जाणारी वाट बघतो, ते ह्यासाठी. सीव्हीएसएसचा ० ते १० हा आकडा त्रुटी स्वतःत किती वाईट ते सांगतो, तुमच्या घरात ती कुठे बसलीय ते त्याला ठाऊक नसतं. त्याच्या जोडीला अमेरिकेच्या सिसा ह्या सरकारी संस्थेची केव्ह नावाची यादी बघत जा. प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरल्या गेलेल्या त्रुटीच तिच्यात असतात. तुमच्या ९ पैकी एखादी तिथे सापडली आणि तो कोड तुमच्या सर्व्हरवर चालत असेल, तर चर्चा संपली, ती आधी.

आणि स्कॅनला जे दिसत नाही तेही डोळ्यांनी बघा. होमस्टेच्या साइटला कुणीतरी विकत घेतलेली थीम चढवलेली असते, तिच्यासोबत पब्लिक फोल्डरमध्ये जेक्वेरी ह्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची जुनी प्रत येऊन पडते. ती पॅकेज जेसनमध्ये नसते, म्हणून कुठल्याच ऑडिटमध्ये येत नाही. ३.५.० च्या आधीची असेल तर बदला. टेम्प्लेटमध्ये पॉलिफिल डॉट आयओ (जुन्या ब्राउझरांसाठी जोडकोड पुरवणारं डोमेन) वरून काही ओढलं जातंय का तेही शोधा. ते डोमेन दुसऱ्यांच्या हातात गेलं आणि जून २०२४ मध्ये त्यावरून एक लाखाहून जास्त साइटींना दूषित कोड गेल्याचं उघड झालं. ती ओळ सापडली तर काढून टाका, आजच्या ब्राउझरांना तिची गरज नाही.

आता प्रत्यक्ष अपग्रेड. फोर्स लावल्यावर बिल्ड का मोडला? कारण त्या आज्ञेला मुख्य आकडा ओलांडायची मुभा मिळते. आवृत्तीचे तीन आकडे असतात: शेवटचा दुरुस्तीचा, मधला नव्या सोयीचा, पहिला बदलला की जुना वापर मोडू शकतो. फोर्स पहिला आकडा बदलतो, कधी कधी तर वरच्या पॅकेजला मागच्या आवृत्तीवरही नेतो. म्हणून ती आज्ञा ह्या प्रोजेक्टवर पुन्हा चालवू नका. एकेक पॅकेज घ्या. पुष्कळदा असं दिसतं, की पॅकेज जेसनमधली मर्यादा दुरुस्त आवृत्तीला परवानगी देतेच, फक्त लॉक फाइलने (बसवलेल्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) जुना आकडा धरून ठेवलेला असतो. तिथे त्या एका पॅकेजचं अपडेट चालवलं की झालं. अॅक्सिओससारख्या ठिकाणी मात्र लक्ष द्या: पहिला आकडा शून्य असला की टोपीचं चिन्ह मधला आकडाही हलू देत नाही. तुमच्याकडे ०.२१ लिहिलं असेल तर ते ०.२१ मध्येच फिरत राहील, पुढे न्यायचं तर हाताने लिहावं लागेल.

त्रुटी पोटातल्या पॅकेजमध्ये असेल तर आधी वरचं पॅकेज पुढे न्यायचा प्रयत्न करा. ते जमत नसेल तर एनपीएममध्ये ओव्हरराइड्स लिहून खालची आवृत्ती सक्तीने बदलता येते. मी ते वापरतो, पण शेजारी कारण आणि तारीख लिहून ठेवतो, नाहीतर दोन वर्षांनी तोच ओव्हरराइड पुढच्या अपग्रेडची वाट अडवतो. पीएचपीच्या बाजूला कंपोजर व्हाय-नॉट फार उपयोगी आहे: अमुक आवृत्ती का बसत नाही, कोण अडवतंय, ते नावानिशी सांगतं. आणि नुसतं कंपोजर अपडेट लाइव्ह सर्व्हरवर कधीही नको. अपडेट आपल्या मशीनवर, लॉक फाइल गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), सर्व्हरवर फक्त इन्स्टॉल. एनपीएमसाठी तसंच, लॉक फाइलप्रमाणेच बसवणारी एनपीएम सीआय ही आज्ञा.

अपग्रेडनंतर काही मोडलं नाही हे कसं ओळखायचं? तुमच्याकडे टेस्ट (सॉफ्टवेअर आपोआप तपासणारा कोड) नाहीत असं गृहीत धरतो. शंभर टेस्ट लिहायला बसू नका. खोली रिकामी आहे का बघणं, बुकिंग, पेमेंट गेटवेवरून परत येणं, पावतीचा ईमेल, बुकिंग रद्द करणं, एवढे पाच प्रवाह तपासणाऱ्या टेस्ट लिहा, पेमेंट गेटवेच्या टेस्ट मोडमध्ये. मालकाचं पोट ह्या पाचांवर आहे. चाचणीसाठी डेटाची प्रत घ्याल तेव्हा पाहुण्यांचे फोन नंबर आणि ओळखपत्रांचे फोटो काढून टाकूनच घ्या. लाइव्ह सर्व्हर जपायचा आणि खरा डेटा लॅपटॉपवर घेऊन कणकवलीच्या एसटीत बसायचं, असं होता कामा नये.

डिप्लॉय नव्या फोल्डरमध्ये करा आणि शेवटी फक्त सिमलिंक (फोल्डरकडे बोट दाखवणारा दुवा) वळवा. बिघडलं तर सिमलिंक परत जुन्याकडे. त्याच दिवशी डेटाबेसच्या रचनेत बदल करू नका, कारण कोड मागे घेता येतो पण बदललेले तक्ते तितक्या सहज मागे येत नाहीत. बॅकअप तरीही घ्या. आणि ही कामं घरून, पावसात, चालू कनेक्शनवर टर्मिनल उघडून करायची नाहीत. लाईट गेली आणि अर्धवट राहिलं तर रात्र त्यात जाते. बिल्ड बाहेर तयार करा, सर्व्हरवर काम टीमक्सच्या आत चालवा, म्हणजे तुमच्याकडचं कनेक्शन तुटलं तरी तिकडचं काम चालू राहतं. वार मी मंगळवार-बुधवार सकाळ धरतो. शुक्रवार-शनिवारी मुंबई-पुणे-कोल्हापूरची बुकिंगं येतात, तेव्हा हात लावू नये.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण बरंच बोलून झालं. सीझनच्या आधी करायचं ते एवढंच: उघडे फोल्डर आणि डीबग बंद करणं, पाहुण्याचा मजकूर जिथे पोचतो त्या पॅकेजांची दुरुस्ती, पाच टेस्ट, आणि मागे फिरता येईल असा डिप्लॉय. लारावेल ८ वरून पुढे जाणं मात्र आत्ता नको.

ते पुढे जाणं टळणार नाही. लारावेल ८ च्या सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२३ मध्ये थांबल्या आणि पीएचपी ७.४ च्या नोव्हेंबर २०२२ मध्ये. म्हणजे ह्यापुढे त्यात जे सापडेल त्याला मूळ लेखकांकडून दुरुस्ती येणार नाही. ह्या कामासाठी आपल्याकडे हक्काचा काळ आहे. जूनपासून सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, जलक्रीडा बंद, पर्यटक तुरळक. जून-जुलैत करा. ऑगस्ट अखेरपर्यंत लांबवलंत तर गणपती येतात, मालक घरच्या गडबडीत आणि तुम्हीही. पावसाच्या आधी घर शाकारतात ना, दरवर्षी, फुटलेली कौलं तेवढी बदलून. वाशांपर्यंत पाणी मुरू दिलं तर अख्खं छप्पर उतरवावं लागतं. तुमचं छप्पर यंदा उतरवावंच लागेल, पुढच्या वर्षीपासून नुसती शाकारणी पुरेल.

क्रम असा ठेवा. आधी लारावेल ८ वरच राहून पीएचपी ८.१ वर या, ते त्यावर चालतं. काही दिवस राहू द्या, लॉग बघा. मग ८ वरून ९, ९ वरून १० आणि तसंच पुढे, सुरक्षा दुरुस्त्या मिळत असलेल्या आवृत्तीपर्यंत, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला पाच टेस्ट. १० वर पोचल्यावर पीएचपीही पुढे न्या, ८.१ हा फक्त मुक्काम आहे. सगळ्यात जास्त वेळ ८ ते ९ ला लागेल. तिथे स्विफ्टमेलर जाऊन सिंफनी मेलर येतो, म्हणजे पावतीचा ईमेल नीट तपासा. फाइल साठवणारी फ्लायसिस्टम १ वरून ३ वर जाते. पूर्वी अस्तित्वात नसलेली फाइल वाचायला गेलं की एक्सेप्शन (चुकीचा इशारा) यायचं, आता गुपचूप नल, म्हणजे रिकामी किंमत, येते. ओळखपत्राचा फोटो दाखवणारं पान रिकामं दिसेल आणि लॉगमध्ये काहीच नसेल. ह्या जागेसाठी सहावी टेस्ट लिहिली तर चांगलंच.

"मग सगळं रोजच्या रोज नव्यावर नेऊ का?" असं पुढे वाटेल. नको. ८ सप्टेंबर २०२५ ला एनपीएमवरच्या चॉक आणि डीबगसारख्या पॅकेजांच्या दूषित आवृत्त्या टाकल्या गेल्या, कारण त्यांच्या देखभालकर्त्याचं खातं फसवून काढून घेतलं गेलं. काही तासांत त्या काढल्या गेल्या, पण त्या तासांत अपडेट करणाऱ्यांकडे त्या पोचल्या. म्हणून साधं अपडेट असेल तर मी काही दिवस मुरू देतो. सुरक्षा दुरुस्ती असेल आणि त्रुटीची वाट माझ्या कोडपर्यंत येत असेल तर थांबत नाही, बदल वाचून लगेच घेतो. डिपेंडाबॉट (अपडेट आल्याची सूचना देणारं साधन) लावून ठेवा, महिन्यातून एकदा बसून त्याच्या सूचना निकालात काढा. महिन्याचं काम सहसा एका सकाळचं होतं.

मालकांचं. त्यांना सीव्हीई सांगू नका. त्यांच्या सर्व्हरवर पाहुण्यांच्या आधार कार्डांचे फोटो आहेत, हे सांगा. ते बाहेर गेले तर सर्ट-इन ह्या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या होमस्टेला तेवढा दंड बसेल असं मी म्हणत नाही आणि तुम्हीही तशी भीती घालू नका. पण ज्या कुटुंबाने विश्वासाने कागद दिले त्यांच्यासाठी आपण काय केलं, हा प्रश्न त्यांना नक्की समजतो. आमच्याकडचे मालक माणसं सांभाळणारे आहेत. जुन्या आधार फोटोंची गरज संपली की ते पुसायची सोयही ह्याच निमित्ताने करून घ्या. जे साठवलंच नाही ते चोरीला जात नाही.

आणि पैसे मागा. देखभालीची महिन्याची रक्कम वेगळी लिहून द्या, त्यात महिन्याची ती सकाळ आणि जूनमधलं मोठं काम दोन्ही धरा. फुकटात केलेलं हे काम दोन महिन्यांत बंद पडतं आणि सॉफ्टवेअर पुन्हा आजच्या जागी येतं.

जे अपग्रेड करायचं नाही असं ठरवाल त्याची एक फाइल गिटमध्ये ठेवा: पॅकेज, त्रुटी, आपल्याला का लागू नाही, पुन्हा कधी बघायचं ती तारीख. वेबपॅकच्या पोटातल्या त्या सगळ्या ओळी तिथे जातील. पीडीएफ पावतीचं टेम्प्लेट मात्र आज रात्रीच उघडा.